एव्हर्टचे गुरुवार

मायकेनने हात वर केला तेव्हा ग्रंथालयाच्या सभागृहातले दिवे पुरते लागलेही नव्हते. पडद्यावर रक्तातल्या साखरेची ती हळूहळू खाली झुकणारी रेघ अजून दिसत होती.

"माझ्या नवऱ्याची साखर अशीच उतरली होती," ती म्हणाली. "आजार कळण्याआधीचं सबंध वर्ष. मला वाटलं, माझ्या पथ्यामुळे."

व्याख्यान देणारी तूवा तिशीतली होती. हजारो माणसांच्या जुन्या रक्ततपासण्या तिने चाळल्या होत्या. मेंदूत गाठ निघालेल्या माणसांची साखर निदानाच्या आधीपासूनच इतरांपेक्षा थोडी कमी दिसते, एवढंच तिचं म्हणणं होतं. का, ते नक्की ठाऊक नव्हतं. कदाचित गाठच साखर ओढून घेत असेल.

"एकट्या माणसाबद्दल यावरून काही सांगता येत नाही," तूवा जपून म्हणाली. "तुमच्या पथ्याचाही गुण असेल. त्यांनी ते पाळलं होतं ना?"

"काटेकोर," मायकेन म्हणाली आणि खाली बसली.

बसल्यावर तो शब्द तिला टोचू लागला.

अडतीस वर्षं ती उत्तर स्वीडनमधल्या ऊमिओच्या इस्पितळात लोकांचं रक्त काढून तपासत होती. एव्हर्ट लाकूड गिरणीत यंत्रं सांभाळायचा. धिप्पाड, बडबड्या आणि गोडावर जीव असलेला. त्याला मधुमेह निघाला त्याच आठवड्यात तिने घरातला मुरंबा, साखर, बिस्किटं, सगळं बाहेर काढलं. "या घरात गोड म्हणून आता माझा स्वभावच उरला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मग आकडे उतरू लागले. प्रत्येक अहवाल तिने फ्रिजच्या दारावर लावला. पुढच्या हिवाळ्यात अंगणातला बर्फ उपसताना तो खाली बसला. हातात फावडं होतं आणि त्याला फावडं म्हणता येईना. मेंदूत गाठ निघाली आणि उन्हाळ्याच्या आत तो गेला.

त्याला तीन वर्षं झाली. त्याच्या धडधाकटपणाच्या शेवटच्या वर्षात आपण त्याला गोडाचा घास दिला नाही, हे तिच्या मनातून जात नव्हतं. बेकरी दिसली की ती रस्ता ओलांडून पलीकडे जाई. आपण बरोबर तेच केलं, आकडे साक्ष आहेत, असं ती स्वतःला बजावत असे. आज ती साक्षही गेली.

आणि काटेकोर तरी कुठे? दर गुरुवारी तो नदीकाठी फिरायला जायचा आणि परत आला की त्याच्या लोकरी कोटाला वेलदोड्याचा वास यायचा. तिला तो यायचा. पण बोटातल्या थेंबाचा आकडा चांगला निघायचा, आणि नाकापेक्षा तिने आकड्यावर विश्वास ठेवला.

ती उठली, कोट चढवला आणि नदीकाठच्या बेकरीत गेली. हिवाळ्यातले दुपारचे तीन वाजले होते, बाहेर अंधारू लागलं होतं. आत एकटी डागनी काउंटर पुसत होती. दोघी एकाच शाळेतल्या.

"एव्हर्ट इथे यायचा का गं?"

डागनीचा हात थांबला. "तू कधी विचारशील, याची तीन वर्षं वाट बघतेय. दर गुरुवारी यायचा. वेलदोड्याचा बन आणि कॉफीत साखरेचे दोन खडे."

"दोन?"

"कधी तीन."

मायकेन खुर्चीवर टेकली. तिला हसू आलं आणि ते तिने येऊ दिलं. छातीवरचं काहीतरी सरकल्यासारखं झालं.

"म्हणजे खात होता लबाड. बरं झालं."

डागनी हसली नाही. फडकं ठेवून ती समोर येऊन बसली.

"त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. बनचं नाही. त्यावरून तू ओरडलीस तर ओरडू दे, म्हणायचा. दुसरंच होतं."

"काय?"

"शब्द हरवायचे त्याचे. फावड्याच्या आधीचं वर्षभर. चमचा, खिडकी, असले साधे शब्द. मी सांगायचे, तो घोकायचा. डॉक्टरकडे जा म्हटलं, मायकेनला तरी सांग म्हटलं. म्हणाला, आत्ता कुठे माझे आकडे चांगले यायला लागलेत, ती खूश आहे. एवढं वर्ष जाऊ दे."

काचेआड नदीवरचे दिवे लागले.

"मी तेव्हा बोलायला हवं होतं," डागनी म्हणाली.

"आणखी काय विसरायचा?"

डागनीने एप्रनला हात पुसले.

"शेवटी शेवटी, निघताना तुझं नाव विचारायचा. तीनदा म्हणून बघायचा, मग टोपी घालायचा."

गुरुवारी दार उघडलं की बूट काढायच्या आधीच तो मोठ्याने तिच्या नावाने हाक मारायचा. स्वारी खुशीत आहे, असं तिला वाटायचं. स्वयंपाकघरातून वळूनही न बघता ती म्हणायची, आधी बोट पुढे कर.

"कसं म्हणायचा?" तिने विचारलं.

"आता कशाला ते, मायकेन."

"तसं नाही. तो म्हणायचा तसं म्हण."

डागनीने दाराकडे पाहिलं, मग टेबलावरच्या आपल्या हातांकडे. पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून अर्धंच निघालं. दुसऱ्यांदा मध्येच अडलं. तिसऱ्यांदा मात्र स्वच्छ आलं, थोडं मोठ्याने, आणि मायकेनने ओ दिली.