सरूचं तोंड

माझी थोरली लेक सरू जन्माची मुकी-बहिरी. देवानं तिचा आवाज काढून तिच्या आईच्या, पुतळाबाईच्या, म्हणजे माझ्या तोंडात घातला, असं आमच्या अणदुरातल्या बाया म्हणायच्या. म्हणू दे. त्यांना द्यायला देवाकडं अक्कलसुदिक उरली नव्हती.

सरू हातानं बोलायची. गालावर मूठ घासली की बाप, त्याची दाढी टोचायची म्हणून. तोंडापुढं दोन बोटं कात्रीवाणी चालवली की मी. कुणी आलं की तिच्या हाताचं मी बोलून दाखवायची, अन् तीच बोलती असं: "मला भूक लागली." शेजारीण हसायची, "आत्ता तर जेवलीस की गं." मी म्हणायची, "सरू बोलती. आवाज तेवढा माझा."

तिला ढोकीला दिली. जावई मच्छिंद्र साखर कारखान्यावर. बहात्तरच्या दुष्काळात ऊस वाळला, त्याचं काम गेलं, अन् सासू-सुना दुष्काळी कामावर खडी फोडायला लागल्या. सरू कामावरच चक्कर येऊन पडली, अंगाची काडी झाली, असा निरोप आला. आमच्या विहिरीला अजून पाणी होतं. लेक कायमची घरी आणायची, असं म्या ठरवलं. सासरचे सोडंनात, म्हणून ढोकीला पारावर पंच बसले.

विहीण कडूबाई म्हणाली, "सुनेचे हात हिला एकटीलाच कळत्यात. ही आपल्या सोयीचंच सांगणार."

म्या कनवटीचा खंडोबाचा भंडारा काढून कपाळाला लावला. "लेक म्हणंल तेच बोलंन. झालं समाधान, विहीणबाई?"

"बघू की," ती म्हणाली.

पंचातले म्हातारे आण्णासाहेब म्हणाले, "विचारा तिला, कुठं राहायचंय."

म्या हातानं विचारलं. सरूनं माझ्याकडं लई वेळ बघितलं. मग तिचे हात चालले.

"मला आईकडं जायचं न्हाय," मी बोलले.

आण्णासाहेब बुचकळ्यात पडले. "पुतळाबाई, तुमची आई वारून जमाना झाला. आमी सरूचं विचारतोय."

पारावर हसू पिकलं. मी थांबले, हसून होऊ दिलं.

"सरूचंच सांगते. ती म्हणती, तिथं मी हात उचलायच्या आधी आई बोलून मोकळी होती. इथं सासूला कळत न्हाय, मग ती परत विचारती. परत न्हाय कळलं तर परत. इथं पोटाला कमी हाय, पण माझं मी बोलते."

उलटं सांगितलं असतं तर पारावरच्या एकालाबी कळलं नसतं. सरूलाबी न्हाय, ती तर माझ्या ओठांकडं नुसती बघत होती. कडूबाईनं खाली मान घातली. सरू तिच्यामागं घरात गेली. मी एकटी यष्टीत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, डोळ्यात काय गेलं. म्हणलं, तुमच्या पदराचा वारा.

"जी बाई स्वतःच्या इरुद्ध खरं सांगती, ती दुसऱ्याचं खोटं कशाला सांगंल," असं आण्णासाहेब गावोगाव बोलले. तवापासून बोलावणी यायला लागली. कळंबच्या कोर्टात मुक्याची साक्ष, दवाखान्यात मुकी बाळंतीण, येरमाळ्याला मुक्या भावाची वाटणी. मी कुणाची चाकर न्हाय. ज्याचं काम त्यानं यष्टीचं भाडं अन् भाकर द्यावी. आधी त्या माणसाच्या घरी बसते, त्याचे हात शिकते, कारण दर घराचे हात निराळे. मगच तोंड उघडते. लोक म्हणतात, पुतळाबाईला कुठल्याबी मुक्याचं कळतं.

औंदा ढोकीला गेले. ऊस परत उभा राहिलाय, सरूच्या अंगावर मांस आलंय. मला बघून ती भराभरा हात करायला लागली. मला त्यातलं निम्मं कळंना. एक मूठ पोटाशी धरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवायची, हे आमच्या घरचं नव्हतंच. म्या परत विचारलं. तिनं हळू करून दाखवलं. तरी न्हाय.

चुलीपासून कडूबाई म्हणाली, "विहीणबाई, ती म्हणती, लगीच जाऊ नका. चार दिस राहा."

म्या तिच्याकडं बघितलं, मग लेकीकडं.

"राहते, असं कसं म्हणता तुमच्यात?" म्या विचारलं.

विहिणीनं पिठाचे हात झटकले अन् मला करून दाखवलं.