गंधकवीरचा पहिला अंक

वाचनासारखी मनुष्याला उन्नत करणारी दुसरी साधना नाही, असं आमच्या वाचनालयाच्या दारावर संगमरवरात कोरलेलं आहे. त्याखाली खडूनं 'चपला बाहेर काढाव्या' असं लिहिलं आहे. गेल्या वर्षभरात दाराबाहेर एका वेळी जास्तीत जास्त तीन जोड दिसले. त्यातला एक माझा.

नोकरीनं मी आयुध कारखान्याच्या भांडारात आहे, पण गेली एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आमच्या हिंदीभाषक शहराच्या गोरखपूर भागातल्या या एका खोलीचा मानद ग्रंथपाल. मानद म्हणजे पंखाही मीच पुसतो. डिसेंबरात, खोली ज्यांची आहे त्या मराठी मंडळाचं पत्र आलं: मार्चच्या वार्षिक सभेपर्यंत अठरा वर्षांखालचे दहा सदस्य झाले नाहीत, तर खोली 'अन्य कामासाठी' घेण्यात येईल. माझी बायको लतिका हिनं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे संध्याकाळी तुम्ही घरी राहणार?" तिच्या आवाजातली काळजी खरी होती. मलाही तीच काळजी होती.

तोडगा पियूषनं आणला. पियूष राइट टाउनला बँकेत आहे. वय चौतीस, नुकतंच लग्न ठरलेलं. होणाऱ्या बायकोनं "एक तर मी, नाही तर ते खोके" असं सांगितल्यामुळे तो सुपरहिरोंच्या हिंदी कॉमिक्सचे दोन खोके स्कूटरवर बांधून घेऊन आला. नायकाचं नाव गंधकवीर. रसायनशास्त्राचा प्राध्यापक, टाकीत पडला, आणि बाहेर आला तो पिवळ्या चड्डीत.

आमचे अध्यक्ष भय्यासाहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी एक अंक दूर धरून पाहिला. "हिंदी तर हिंदी. माझा नातू मराठी समजते, उत्तर हिंदीतच देते. पण विनय, नियम म्हणजे नियम. आधी एक खोका वाचून काढ, मग दुसरा पाहू."

नियम असा की कार्यकारिणीतल्या कुणीतरी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, मागे शिक्का मारून अभिप्राय भरायचा आणि सही करायची. त्याआधी ते कपाटाबाहेर जात नाही. १९७१ साली पाककृतींचं म्हणून आलेलं एक पुस्तक तीन घरांत फिरून आलं आणि मग ते पाककृतींचं नाही असं कळलं, तेव्हापासूनचा हा नियम. शिक्क्यात तीन रकाने आहेत: विषय, भाषा आणि 'कथा पूर्ण आहे / नाही'. अपूर्ण पुस्तक कुणाला द्यायचं नाही. शेवटची पानं गेलेल्या रहस्यकथांवरून आमच्याकडे हातघाई झालेली आहे.

कार्यकारिणीत डोळे शाबूत असलेला मी एकटाच. मी खोका उघडला. वरचा अंक सत्तेचाळिसावा होता. त्यात गंधकवीर स्वतःच्याच अंत्ययात्रेला खांदा देत होता.

मी पियूषला फोन लावला. "सुरुवात कुठून करायची?"

"कहीं से भी, काका! कुठूनही सुरू करा."

"अरे, कुठूनही काय? पहिला अंक कोणता?"

"कोणता पहिला? तीन आहेत ना. दोनदा फिर से सुरू केलं त्यांनी."

"काहून?"

"नवीन वाचकांना सोपं जावं म्हणून."

मी तिन्ही पहिले अंक वाचले. पहिल्यात तो टाकीत पडतो. दुसऱ्यात त्याला भाऊ ढकलतो. तिसऱ्यात टाकीच नाही. तो जन्मतःच पिवळा. कोणतं खरं, असं विचारल्यावर पियूष म्हणाला, "तिन्ही. वेगवेगळ्या विश्वांत." भांडारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एकाच वस्तूच्या तीन नोंदी आणि तिन्ही बरोबर, हे पचत नाही. चौकशी बसते.

प्रत्येक अंकाच्या शेवटी गंधकवीर कड्यावरून लोंबकळत असे आणि खाली 'क्रमशः' असे. मी प्रामाणिकपणे 'पूर्ण नाही' भरत गेलो. बासष्टाव्या अंकात तो एकदाचा मेला. चांगली चार पानं मेला. शहर रडलं, पाऊस पडला. मी सुटकेचा श्वास सोडून 'कथा पूर्ण आहे' लिहिलं, सही केली, आणि भय्यासाहेबांना पहिल्या अंकापासून पुस्तकं द्यायला हरकत नाही असं कळवलं. चौसष्टाव्यात तो आंघोळ करत होता.

"मेला होता ना तो?" भय्यासाहेब म्हणाले.

"होता."

"मंग जिवंत कसा फिरून राहिला?"

"त्रेसष्टावा अंक खोक्यात नाही. त्यात कारण असावं."

"मंग सही खोड. खोडल्याची पण सही कर."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सुमेधाताई सात मुलं घेऊन आल्या. घमापुरातल्या शाळेत त्या शिकवतात. खोली वाचावी म्हणून मी त्यांच्या हातापाया पडलो होतो. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. एक दोन वेण्यांची मुलगी, रुचिरा, सरळ खोक्याकडे गेली. "अंकल, ये गंधकवीर है? मला सत्तेचाळिसावा पाहिजे."

"आधीचे वाचलेस?"

"नाही."

"मग कळेल कसं?"

ती माझ्याकडे जरा दयेनं पाहत राहिली. "पढ़ते-पढ़ते समझ आता है."

"अजून अभिप्राय झालेले नाहीत, बेटा. पुढच्या महिन्यात ये."

सुमेधाताईंनी मला बाजूला घेतलं. "विनयदादा, मुलं पुढच्या महिन्यापर्यंत टिकत नाहीत हो. सात आहेत. तीन मी अजून आणते. पूर्ण आहे लिहा आणि देऊन टाका. कोण तपासून राहिलं?"

कुणीच तपासणार नव्हतं, तेही खरं. पेन माझ्या खिशात होतं. शिक्का समोर होता. पण एकोणीस वर्षांत मी न वाचलेल्या पुस्तकावर सही केलेली नाही, आणि अपूर्ण गोष्टीला पूर्ण म्हटलेलं नाही. एकदा म्हटलं, तर तो आंघोळ करून आला. "त्रेसष्टावा मिळू द्या," मी म्हणालो. मुलं चपला घालून गेली. रुचिरानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी त्रेसष्टाव्याच्या मागे लागलो. रद्दीवाल्यांकडे गेलो, स्टेशनवरच्या स्टॉलवर विचारलं, ऑनलाइन शोधलं. इंदुरातल्या कुणा संग्राहकाशी हिंदीत तीन आठवडे पत्रव्यवहार केला. त्यानं आधी गंधकवीरवर माझी परीक्षा घेतली. फेब्रुवारीच्या अखेरीस अंक आला. गंधकवीर मेलाच नव्हता. मेला तो दुसऱ्या विश्वातला. म्हणजे या विश्वातली कथा चालूच होती आणि अंक देता येत नव्हते. हे मी भय्यासाहेबांना सांगितलं.

दुसरा खोका, माझा पहिला संपेना म्हणून, पियूषनं फेब्रुवारीतच उचलून एका बंगाली मित्राच्या क्लबात टाकला होता. तिथे म्हणे टेबलावर ढीग ओतला. सुमेधाताईंची सातही मुलं तिथे जातात. रुचिरा तिथे पोरांना क्रम सांगते. तिचा क्रम चुकीचा आहे.

वार्षिक सभेत मी अहवाल वाचला: अंक एकशे अठरा, वाचून झाले एकशे अठरा, देण्यायोग्य शून्य, नवीन बालसदस्य शून्य. टाळ्या एकट्या भय्यासाहेबांनी वाजवल्या. खोली काढून घेण्याचा ठराव तीन मिनिटांत मंजूर झाला.

खोलीत आता मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवतात. एकशे दहा मावतात.