नखाला अडलं ते

मिस्त्रीने लेकीच्या मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचं रबरी ऑइल सील दोनदा बदललं, आणि दोन्ही वेळा तेल गळून ब्रेकच्या डिस्कवर आलं. दुसऱ्या वेळी तर उतारावर ब्रेकच लागेना. पोरगी थेट भाजीच्या ढिगात शिरली म्हणून वाचली. "मला टोमॅटोंनी वाचवलं, बाबांनी नाही," असं ती हसत घरभर सांगत होती. मिस्त्री त्या दिवशी जेवला नाही.

आज तिसऱ्यांदा शॉकअप खोलून तो गॅरेजात बसला होता, आणि बायको डबा घेऊन शेजारी उभी होती. सील ज्यावर घासत चालतं तो शॉकअपचा पाइप त्याने पुसला, वरून खाली नख फिरवलं. पाइपवर गंजाचा तीळभर जरी खड्डा असला तरी नख अडतं, आणि तोच खड्डा नवं सील कापून टाकतो. एवढं तिलाही ठाऊक होतं. संसारात दुसरं ऐकलं काय होतं तिने!

"पाइप गुळगुळीत आहे," तो म्हणाला. "सीलच भिकार येताहेत हल्ली."

"अहो, दोन्ही भिकार?"

"मग तू बघ! तेवढंच राहिलंय."

तिने डबा खाली ठेवला, हात पुसले आणि नख फिरवलं. मध्यावर ते टक्कन अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच.

"हे काय, इथे."

त्याने तिथे नख नेलं. ते सरळ पुढे गेलं. परत नेलं, परत गेलं.

"लागत नाही हाताला?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"थंडीत सुरू झालं. वाटलं, गारठ्याने बधिर झालीत बोटं."

"पंखे लावून महिना झाला, अहो."

भाजीत मीठ कमी पडलं की घर डोक्यावर घेणारा हा माणूस, आणि बोटं गेली ते मुकाट गिळून बसला होता.

"नवा पाइप येईपर्यंत पोरगी बसने जाईल," ती म्हणाली. "आपण आधी डॉक्टरकडे..."

मिस्त्रीचं लक्षच नव्हतं. तो दारातून रस्त्याकडे बघत होता.

"अगं, पाववाला," तो म्हणाला. "सकाळीच गाडी नेली त्याने. मीच नख फिरवलं. पाइप एकदम झकास आहेत म्हणालो."

"आणखी कोण?"

"शाळेचा शिपाई. टेकडीवरची ती नर्स... तिच्या मागे तिचं पोर बसतं गं!"

त्याने खिशातून फोन काढला, पण नंबर काही धड दाबता येईना. तिने फोन हिसकावला, पाववाल्याला लावला आणि नवऱ्याच्या कानाला धरला.

"उचल रे बाबा," मिस्त्री पुटपुटत होता. "चालवू नकोस. ढकलत आण, पण चालवू नकोस."

रिंग वाजत राहिली. गाडीवर असताना पाववाला फोन उचलत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. माणूस किती शहाणा म्हणून तिनेच त्याचं कौतुक केलं होतं.

तिने पुन्हा नंबर लावला.