भुजंगरावांच्या पेट्यातला तुरा

मी भुजंगरावांच्या पेट्यातला, म्हणजे तुमच्याकडच्या फेट्यातला, तुरा बोलतोय. उठून मुजरा करू नका, तेवढी माझी लायकी नाही.

घोडदळातल्या पणजोबांना मी राजवाड्यातून मिळालो, बर्फाळ डोंगरातल्या दुर्मीळ पक्ष्याची ही पिसं, असं भुजंगराव येईल त्याला सांगतात. साफ खोटं. मी हिनकल गावच्या एका परसातल्या भांडखोर कोंबड्याच्या मानेवर वाढलो. त्याचा रस्सा झाला, माझा तुरा. स्वतःच्या लग्नात मिरवायला भुजंगरावांनीच बांधला. मग चाळीस वर्षं देवघरात उदबत्तीचा धूर खाऊन मी पिवळा पडलो.

त्यांची नात विद्याश्री. कॉलेज अर्धवट सोडलेली, तोंडाची फटकळ. मासे पकडायच्या गळावर पिसं नि केस गुंडाळून ती खोटे किडे बनवते. पिसं, बकरीचे केस, सगळं घरीच रंगवते. आधी साबणानं तेलकटपणा काढायचा, मग व्हिनेगर घातलेल्या रंगाच्या गरम पाण्यात सोडायचं, उकळी मात्र येऊ द्यायची नाही. घराण्यात तलवारी होत्या, हिच्या हाती पातेलं, असं भुजंगराव पाहुण्यांदेखत म्हणत. स्वयंपाकघरात तिला बंदी. म्हणून ती मागच्या अंगणात शेगडी पेटवायची. पाऊस आला तर छत्री पातेल्यावर, स्वतः भिजत.

परवा गावाशेजारच्या विजयनगर वस्तीत समाजाचा मेळावा होता, त्यात भुजंगरावांचा सत्कार. आदल्या दिवशी पेटा काढला आणि माझा रंग बघून म्हातारा हबकला. गपचूप अंगणात गेला.

"विद्या, ह्याला पांढरा करून दे गं."

तिनं मला बोटांत फिरवलं.

"पांढरा होत नाही, अज्जा. रंगवलं की गडदच होतं. पिवळ्यावर लाल चढेल. आणि हा कोंबडा आहे."

भुजंगरावांनी वळून घराच्या दारात कोणी नाही ना ते पाहिलं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तिथं बोलू नकोस."

"मग उद्यापासून मी आत, गॅसवर रंगवणार."

मान हलली. मिशा एवढ्या, होकार केवढासा.

मेळाव्यात मी लालभडक. जेवताना कोणीतरी विचारलंच, पक्षी कुठला? भुजंगरावांची जीभ पहिल्यांदाच अडखळली. नातीचं काम आहे, तिलाच विचारा, म्हणाले. आजवर एकाही म्हाताऱ्याला न सोडलेली विद्याश्री साबणापासून सुरू झाली. व्हिनेगर किती, पाणी किती गरम, केसांना वेळ जास्त का लागतो. पंगतीतलं सांबार गार झालं. पक्ष्याचं नाव कोणी परत काढलं नाही.

सध्या मुक्काम स्वयंपाकघरात, तिच्या पिसांच्या डब्यात. भुजंगराव दाराशी उभे राहून तिला चुकीचे सल्ले देतात.

पोरांनो, विनंती एवढीच. म्हातारे खोटं बोलताना सापडले तर लगेच बोंबलू नका. आधी स्वयंपाकघर मागून घ्या.