निळी पडलेली पट्टी

यशवंतपूरच्या त्या शेडमध्ये यंत्रे बंद होती आणि चाळीस कामगार हात जोडून उभे होते. टेबलावर हिरव्या प्लास्टिकची एक पट्टी. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला चिमुकला दिवा. वीज वाहून नेणारे असे प्लास्टिक हा कारखाना बनवी. दोन महिने मात्र निम्म्या पट्ट्यांतून वीजच वाहत नव्हती. म्हणून मालक विठोजींनी मला, रसायनशास्त्राच्या माणसाला, बोलावले होते. आणि माझ्याआधी योगीराज महाराजांना.

"दोष वस्तूत नसतो, स्पर्शात असतो!" महाराज गरजले. "अणूलाही सोवळे कळते!"

एकेकाने तीर्थात बोट बुडवून पट्टीला लावले. दिवा तेवत राहिला. शेवटी महानंदाची पाळी आली. अकरा वर्षे ती इथे पट्ट्या धूत होती. गेल्या वर्षी तिचा नवरा वारला. महाराजांच्या शिष्याने तिला तीर्थ दिले नाही. धुण्याच्या कामाने ओल्याच असलेल्या तिच्या बोटांवर अंगारा ठेवला. तिने पट्टी चोळली. दिवा मंदावला, विझला.

"सापडला दोष! हिला आजच काढा."

विठोजींची मान खाली गेली. "अक्का, उद्यापासून येऊ नका."

मला अंगाऱ्याचा संशय आलाच होता, पण महानंदाची नजर माझ्यापेक्षा तयार निघाली.

"अण्णा," ती विठोजींना म्हणाली, "स्वल्प, थोडे थांबा. पट्टी निळी पडली बघा. आपला खराब मालही असाच निळा पडतो." तिने तीर्थ हुंगले. "यात लिंबू आहे." तिने तेच पट्टीवर ओतले. मिनिटाभरात पट्टी हिरवी झाली, दिवा लागला.

"महाराज, आता तुम्ही अंगारा लावा."

"आम्ही परीक्षा देत नसतो!"

"मग माझी कशी घेतली?"

कुणीतरी खुदकन हसले. विठोजींनी स्वतःच अंगारा बोटावर घेऊन पट्टी चोळली. दिवा विझला. ते आपल्या बोटाकडे पाहत राहिले.

उरलेला अंगारा मी तीर्थात टाकला. तो फसफसला, त्यात धुण्याचा सोडा होता. या प्लास्टिकमध्ये आम्ल असेपर्यंतच ते वीज वाहते, सोडा ते आम्ल काढून घेतो.

"पट्ट्या धुवायला हे टँकरचे पाणी कधीपासून वापरता?" मी विचारले.

"दोन महिने," महानंदा म्हणाली आणि थबकली.

लाल लिटमस त्या पाण्यात निळा झाला, म्हणजे त्यातही सोड्यासारखा क्षार होता. शेवटची धुलाई किंचित आम्लाच्या पाण्यात करायची, एवढाच उपाय होता. तोवर महाराजांची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

"अक्का," विठोजी कसेबसे म्हणाले, "उद्या..."

"आठला येते. पाणी मीच तपासीन."

दिवा विझला, तर पट्टी तपासावी, पाणी तपासावे, देणाऱ्याच्या हातातला अंगाराही तपासावा. माणसावर बोट ठेवायचेच असेल, तर ते सर्वांत शेवटी आणि पुराव्यानिशी.