माझ्यावरच्या तीन खाचा

मी खांब बोलतोय. सात नंबरचा. म्हणजे होतो सात नंबरचा. आता तळ्याकाठच्या कॅम्पसाइटवर, स्वच्छतागृहांच्या मागे, शेकोटीच्या लाकडांच्या ढिगात आडवा पडलोय. माझ्याकडे वेळ कमी आहे. मला उलटंपालटं करून बघणारा माणूस आत्ताच करवत आणायला ऑफिसात गेला. ऑफिसातल्या साहेबांना कुठलीच वस्तू चटकन सापडत नाही, एवढाच काय तो मला आधार. तेवढ्या वेळात सांगायचं ते सांगून टाकतो. जन्मापासून सुरुवात केली म्हणून वैतागू नका, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी निलगिरीचा. विजेचा खांब व्हायचं म्हणून मला वाढवलं होतं. पण ऐन वाढीच्या वयात पाठीला थोडा बाक आला आणि निवड करणाऱ्या माणसाने माझ्यावर खडूने फुली मारली. माझे भाऊ तारा खांद्यावर घेऊन रस्तोरस्ती उभे राहिले आणि मी वखारीच्या कोपऱ्यात पडून राहिलो. तेव्हा वाटायचं, यापेक्षा वाईट काय असणार? आता हसू येतं त्याचं.

मला तिथून मोजणीकाकांनी आणलं. ते या कॅम्पसाइटचे राखणदार. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. दिसेल ते मोजायची सवय होती, म्हणून मोजणीकाका. माझ्यासाठी खड्डा त्यांनी स्वतः खणला, खोली तीनदा मोजली, माझ्या खालच्या भागाला डांबर फासलं आणि मला उभं केलं. मग पत्र्याची पाटी ठोकायला खिळा हातात घेतला आणि म्हणाले, "जरा दुखेल हं." खांबाशी असं कोण बोलतं? त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

सात नंबर म्हणजे इथली सगळ्यात देखणी जागा. जमिनीचं एक टोक तळ्यात शिरलंय, अगदी त्या टोकावर. तिन्ही बाजूंना पाणी. तंबूची चेन उघडली की समोर तळं, बाजूची खिडकी उघडली तरी तळंच.

माणसं जागा कशी निवडतात, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. तंबूवाले बुटाच्या टाचेने जमीन ठोकून बघतात. त्यातून त्यांना काय कळतं देव जाणे, पण ठोकल्याशिवाय चैन पडत नाही. मोठ्या गाड्या घेऊन येणारे, ज्यांच्या गाडीतच पलंग आणि चूल असते, ते आधी विजेचा पॉइंट शोधतात आणि मग गाडी लावताना अर्धा तास "घे, घे, अजून घे, बस, बस म्हटलं ना!" असं चालतं. स्वच्छतागृह सगळ्यांना जवळ हवं असतं, पण दिसायला नको असतं. बायका सावली बघतात, मुलं थेट पाण्याकडे पळतात. आणि सगळं बघून झालं की प्रत्येक जण कमरेवर हात ठेवून तळ्याकडे बघत म्हणतो, "हीच जागा!"

मागे वळून कुणी बघत नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं, की या टोकाची मागची जमीन टोकापेक्षा खोलगट आहे. आमच्या तळ्यात लांबच्या डोंगरातल्या तीन नद्यांचं पाणी येतं. तिकडे धो धो पाऊस झाला की इथे लख्ख ऊन असतानाच तळं फुगायला लागतं. आणि ते पुढून येत नाही. आधी मागच्या खोलगट भागात भरतं, परतीची वाट बंद करतं, आणि मग सात नंबरवर चढतं.

पहिल्यांदा चढलं तेव्हा मी नवाच होतो. पाणी माणसाच्या गुडघ्याइतकं आलं. तिघं मित्र तंबूत होते. बूट तरंगत गेले, चादरी भिजल्या, हसत हसत ते पाण्यातून बाहेर आले. पाणी ओसरल्यावर मोजणीकाका कोयता घेऊन आले, माझ्या अंगावरची ओल जिथे संपली होती तिथे त्यांनी एक आडवी खाच पाडली. दुखलं. पण मी म्हटलं, काकांनी केलंय ना, मग असेल काहीतरी.

दुसरी खाच कमरेशी. त्या वेळी इथे कुणी नव्हतं. आदल्या दिवशी डोंगराकडून येणाऱ्या, स्वच्छतागृहामागच्या ओहोळाचं पाणी गढूळ झालेलं काकांनी पाहिलं आणि सगळ्यांना सामानासकट वर, तेवीस नंबरच्या टेकाडावर हाकललं. लोकांनी बडबड केली, एकाने तर तक्रारीचं पत्र लिहिलं.

तिसरी खाच छातीशी आहे.

त्या वर्षी गळ टाकून मासे धरण्याचा नाद असलेले एक निवृत्त शिक्षक आले होते. एकटेच. काकांनी त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मी चाळीस वर्षं मुलांना पोहायला शिकवलंय. माझी नका काळजी करू." पहाटे पाणी आलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली होती. मी त्यांना धरून ठेवू शकलो नाही. खांबाला हात नसतात. त्यांची बोटं सुटली ती मला अजून अंगावर जाणवतात. तिसऱ्या दिवशी ते पलीकडच्या काठाला सापडले, आणि त्याच संध्याकाळी काकांनी तिसरी खाच पाडली. आधीच्या दोन्ही सरळ होत्या, ही खाच तिरकी आली.

त्यानंतर काकांनी समजावणं सोडून दिलं. कुणी सात नंबर मागितला की ते माझ्याजवळ घेऊन यायचे आणि एवढंच म्हणायचे, "याला पाठ लावून उभे राहा. आता वरच्या खाचेला हात लावा. पाणी इथपर्यंत येतं." माणूस हात लावायचा, आपल्या छातीकडे बघायचा, मग तळ्याकडे बघायचा आणि हळूच विचारायचा, "तेवीस नंबर कुठे आहे?" एकानेही वाद घातला नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. मी वाकडा होतो, पण कामाचा होतो.

मग काकांचे गुडघे गेले आणि त्यांची बहीण त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. जाताना त्यांनी नव्या साहेबांना माझ्यापाशी आणलं आणि सगळं सांगितलं. साहेब "हो, हो" म्हणत होते आणि फोनवर तळ्याचा फोटो काढत होते. माणूस वाईट नाही. त्यांनी दिवे लावले, झुडपं छाटली, नळाला गरम पाणी आणलं. फक्त त्या झुडपांत छातीच्या उंचीवर पुरात अडकलेलं जुनं वाळकं गवतही छाटलं गेलं, आणि नव्या रंगीत नकाशावर सात नंबरच्या पुढे, उत्तम जागा म्हणून, एक तारा आला.

सगळे खांब रंगवायला एक पेंटर आला. फार चांगला कारागीर. दुसरा कुणी असता तर वरच्यावर ब्रश फिरवून गेला असता आणि खाचा दिसत राहिल्या असत्या. याने मला पॉलिश पेपरने घासलं, तिन्ही खाचांत पुट्टी भरली, सुकल्यावर पुन्हा घासलं आणि मग पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मागे सरकून एक डोळा मिटून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, "आता कसं!" मी आतून ओरडत होतो. पण माझं ओरडणं माझ्यातच राहतं, हेच तर माझं दुखणं आहे.

पाच वर्षं मी तसाच गुळगुळीत उभा होतो. पाच वर्षं तळं शांत राहिलं. लोक माझ्या पाठीला टेकून फोटो काढायचे, ओले टॉवेल माझ्यावर वाळत घालायचे, आणि डोंगरावर ढग दिसला की माझा जीव टांगणीला लागायचा.

मग मागच्या महिन्यात तोच पेंटर बायको आणि मुलीला घेऊन सुट्टीला आला. त्याने मुद्दाम सात नंबर मागून घेतला. तंबू ठोकून झाल्यावर मोठ्या अभिमानाने माझ्यावर थाप मारली.

"हा बघ माझा खांब! काय अवस्था होती याची. कुणीतरी वेड्यासारख्या खाचा पाडून ठेवल्या होत्या. आता हात फिरवून बघ, सापडते का एक तरी?"

त्याची बायको कपडे शिवणारी. गळ्यात टेप नसली तरी तिचे डोळे मापच घेत असतात. तिने विचारलं, "कशाच्या खाचा?"

"असतील कशाच्या तरी. आपण नाही का दाराच्या चौकटीवर हिच्या उंचीची खूण करतो दर वाढदिवसाला? तसंच. राखणदाराच्या मुलांच्या असतील."

"किती होत्या?"

"तीन. एक गुडघ्याशी, एक इथे, एक इथे."

तेवढ्यात साहेब खुशाली विचारायला आले. तिने सहज विचारलं, "साहेब, आधीच्या राखणदारांना मुलं किती होती हो?"

"मोजणीकाकांना? छे, त्यांनी लग्नच नाही केलं. एकटा जीव."

साहेब पुढच्या तंबूकडे गेले. मग ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मुलं नव्हती. मग इथे वाढत काय होतं?"

पेंटरने माझ्याकडे बघितलं. मग तळ्याकडे. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी अगदी जवळून पाहिला. त्याने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्वतःच भरलेली पुट्टी खरवडायला लागला. पाच वर्षांनी माझ्या खाचांना वारा लागला. मला रडता आलं असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

"बाबा, चांगला खांब का खराब करताय?" मुलीने विचारलं.

"खराब मागे केला होता, बाळा. आता दुरुस्त करतोय."

तासाभरात त्यांनी तंबू तेवीस नंबरवर हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरने गाडीतून लाल रंगाचा डबा आणून तिन्ही खाचा लालभडक केल्या. खाली 'पाण्याची खूण' असं लिहिणार, तोच साहेब आले.

"अहो पेंटर, हे काय चाललंय? पाहुणे घाबरतील ना!"

"घाबरू दे की साहेब. पाणी येतं इथे."

"पाच वर्षांत कुठे आलंय? कालही नाही आलं, आजही नाही. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

"साहेब, ह्या खाचा मी बुजवल्यात. माझ्या हातचं काम आहे ते. मला झोप नाही लागायची."

साहेबांनी त्याच्या हातातला ब्रश हसत हसत काढून घेतला. "बरं, बघतो मी," म्हणाले. पेंटर जाईपर्यंत पाणी आलं नाही. निघताना तो माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "राहू द्या हं एवढं साहेब, हात जोडतो." साहेबांनी मान डोलावली. आठ दिवसांनी त्यांनी मला उपटलं. माझ्या खड्ड्यात आता प्लास्टिकची निळी पाटी उभी आहे, तिच्यावर सात आणि शेजारी तारा.

आणि आज दुपारी सात नंबरवर एक मोठी गाडी आली. आई, बाप, दोन मुलं आणि आजोबा. चाकांखाली ठोकळे लावून झालेत, छत ताणून झालंय, मुलांच्या चपला आत्ताच पाण्याच्या कडेला पडल्यात. बाप कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हीच जागा!" मग शेकोटीसाठी लाकडं बघायला आजोबांना घेऊन इथे आला. मला बघून म्हणाला, "हा मस्त सुकलाय. लांब आहे पण, कापावा लागेल." आणि गेला करवत आणायला.

इथून मला लांबचे डोंगर दिसत नाहीत, पण ओहोळ दिसतो. सकाळी त्याच्या तळाचे दगड मोजता येत होते. आत्ता पाणी चहासारखं झालंय. आपल्या डोक्यावर ऊन आहे, एक ढग नाही, आणि ओहोळ गढूळ आहे. काका असते तर एव्हाना शिट्टी वाजवत पळत सुटले असते.

आजोबा, तुम्ही माझ्यावरच बसलाय. तुमचं बोट चाळा म्हणून लाल खाचेत फिरतंय, ती तिरकी खाच, तिसरी. तिच्यातून बोट काढू नका. मघाशी तुम्ही म्हणालात, "काय सुरेख पट्टे काढलेत कुणीतरी." पट्टे नाहीत हो ते. मी हात जोडतो, पाया पडतो, माझ्याकडे यातलं काहीच नाही तरी.

ऑफिसचं दार वाजलं. करवत सापडली वाटतं.

उठा, आजोबा. मला उभं करा. जड आहे मी, पण मुलाला हाक मारा, दोघं मिळून जमेल. माझा डांबराचा काळा भाग जमिनीत होता, तो जिथे संपतो तिथून जमीन धरा. मग मला पाठ लावा आणि वरच्या खाचेला हात लावून बघा, कुठे येतो ते. नंतर नातवंडांना उभं करून बघा. एवढं झालं की खुशाल कापा मला, खुशाल जाळा. फक्त सात नंबरवर नको. वर न्या, तेवीस नंबरवर, सगळ्यांना घेऊन, आणि तिथे जाळा.