ग्वारीघाटावरची करणी

नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर लोक टाचा उंचावून पाहत होते. करणी काढणाऱ्या बाबाने पोटदुखीने कळवळणाऱ्या म्हाताऱ्या भागीरथाबाईंच्या पोटाला तोंड लावलं, जोरजोरात हवा ओढली आणि केसांचा काळा गोळा थुंकला.

"निकल गई करनी! बोलो माई, दर्द कहाँ है?"

बाईंना त्याने आधीच कडू काढा पाजला होता. त्या पुटपुटल्या, "नाही दुखत आता."

"नर्मदे हर!" घाट दुमदुमला. मुलगा गुणवंत बाबाच्या पायांवर पडला. सून विनता मात्र धास्तावली. सकाळी कळवळणारी सासू आता डोळेही उघडत नव्हती.

"अहो, आईंचे हात थंड पडून राहिले. दवाखान्यात चला ना!"

"काहून अशुभ बोलते? दुखणं गेलं ना!"

संध्याकाळी ओठ निळे पडले, तेव्हा कुठे रिक्षा आली.

डॉक्टर प्रमोदिनींनी बाईंच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"काय पाजलं यांना?"

"बाबांचा काढा," विनता रडत म्हणाली.

"त्यात अफू असणार. दुखणं थांबलं नाही, कळेनासं झालं."

"पण दीदी, ताप तर नाही," गुणवंत म्हणाला.

"या वयात आत पोट फुटलं तरी कधी कधी ताप येत नाही. पोट कडकही लागत नाही. म्हणून तर लगेच आणायचं असतं!"

एक्स-रेमध्ये दिसलं, जठराला भोक पडलं होतं. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी जखम झाली होती, ती फुटली. ऑपरेशन केलं, पण वेळ निघून गेली होती. भागीरथाबाई शुद्धीवर आल्याच नाहीत.

आईची राख नर्मदेत सोडायला गेलेला गुणवंत घाटावर थबकला. बाबापुढे एक म्हातारा नावाडी पोट धरून विव्हळत होता.

बाबाचा एक गाल फुगलेला पाहून गुणवंत पुढे झाला. "बाबा, आधी तोंड उघडा!"

बाबा नुसती मान हलवत राहिला. गुणवंतने त्याचा जबडा दाबला. गालात लपवलेला केसांचा काळा गोळा पायरीवर पडला.

"यांच्या पोटाला अजून हात लागला नाही," गुणवंत ओरडला, "मग ही करणी निघाली कुठून? भैया, उचला यांना! दवाखान्यात चला!"

या वेळी लोक धावले.

वाचकहो, पोटातलं दुखणं कोणी तोंडाने ओढून काढत नाही. म्हाताऱ्या माणसाचं पोट अचानक दुखलं, तर ताप येण्याची वाट पाहू नका, आधी डॉक्टरकडे न्या. आणि दुखणं एकाएकी थांबलं, तर जयजयकार करू नका, जास्त घाई करा.